४१२ व्या स्लाइसबद्दल आभार

प्रिय ताई,

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही शिकवलंत ते जीवाश्मांवर काम करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

माझ्यापुढे तेव्हा मानवी पूर्वजाच्या एका कवटीचं मायक्रो-सीटी स्कॅन होतं, म्हणजे क्ष-किरणांनी टिपलेले तिचे शेकडो पातळ छेद (स्लाइस). कवटीच्या पोकळीत दगड घट्ट भरलेला. करड्या छटेची एक मर्यादा ठरवून दिली की संगणक हाड आणि दगड वेगळे करेल, अशी माझी समजूत. पण लाखो वर्षांत हाडातही खनिजं मुरतात. क्ष-किरण दोन्हींत जवळपास सारखेच अडतात आणि पडद्यावर सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. माझ्या मॉडेलमध्ये कपाळ दगडात विरघळूनच गेलं होतं. महिनाभराचं काम फुकट गेलं असं धरून, ओळखपाळख नसताना मी तुम्हाला लिहिलं.

तुम्ही त्याच रात्री फोन केलात. ४१२ वी स्लाइस उघडायला लावलीत आणि म्हणालात, "छटा सोड, पोत बघ." बघत राहिले, तेव्हा कवटीच्या दोन पातळ थरांमधलं जाळीदार हाड हळूहळू दिसायला लागलं. त्या दगडात अशी जाळी कुठेच नव्हती. मग एकेका स्लाइसवर माऊसने कडा आखत तुम्ही माझ्याबरोबर तीन रात्री जागलात.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती चौथ्या दिवसासाठी. कवटीची उजवी बाजू फुटलेली, म्हणून मी डावी उलटवून तिथे बसवली होती. कवटी पूर्ण झालेली पाहून हरखले होते. तुम्ही विचारलंत, "यातलं सापडलेलं किती आणि तू घातलेलं किती?" मला चटकन सांगता येईना. भर घातलेला प्रत्येक भाग तुम्ही निळा करायला लावलात.

२००१ मध्ये चाडच्या वाळवंटात सापडलेली तुमाई या प्राचीन मानवसदृश जीवाची कवटी चेपलेली होती. झोलिकोफर, पोन्स दे लिओन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ती संगणकावर सुटी करून पुन्हा जुळवली. इथिओपियातल्या ४४ लाख वर्षांपूर्वीच्या आर्डी नावाच्या सांगाड्याची हाडं इतकी ठिसूळ, की तिची चिरडलेली कवटी संशोधक गेन सुवा यांनी स्कॅनवरच जोडली. हे मी आधीही वाचलं होतं. त्यात एकेका तुकड्यापाशी किती थांबावं लागलं असेल, हे तुमच्या त्या प्रश्नानंतर उमगलं.

आमच्या कवटीचा बराचसा उजवा भाग आज निळा आहे, आणि शोधनिबंधातल्या चित्रातही तो तसाच ठेवलाय. आभारात तुमचं नाव घालू का विचारलं, तर "नको" म्हणालात. म्हणून हे पत्र.

तुमची,
कवटीवाली