जानापावच्या चढावरचे चार सेकंद

इंदूर,
रविवार, दुपार

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

तुला पुण्याला जाऊन आज बारा दिवस झाले. फराळाचा डबा संपला असेल, निदान चकल्या तरी. आपण रोज बोलतो, पण हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर माझं अर्धं राहून गेलं असतं आणि उरलेलं तुला तक्रारीसारखं ऐकू आलं असतं. म्हणून कागद काढला.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघी सायकलवर जानापावला गेलो, त्या दिवसाबद्दल लिहिते आहे.

पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा रामबागेत अंधार होता आणि राजवाड्यासमोर फक्त झाडूवाले होते. राऊपर्यंत तू माझ्या शेजारून चालवत होतीस आणि सारखी मनगटाकडे बघत होतीस. मला वाटलं, वेळ बघते आहेस. महूला पोह्यांच्या गाडीवर मी जिलबी सांगितली तेव्हा तू म्हणालीस, "आई, पाचच मिनिटं हं." मी जिलबी कागदात बांधून घेतली. तुझ्याबरोबर सायकल चालवायला मिळते हेच मला पुष्कळ होतं. महूच्या पुढे सोयाबीन कापून मोकळी झालेली काळी शेतं, कुठे गव्हाची, कुठे लसणाची पेरणी चाललेली. मी तुला हात करून दाखवलं. तू "हो हो" म्हणालीस, पण मान वळवली नाहीस.

मग चढ लागला आणि तू पुढे गेलीस. ते बरोबरच होतं, तुझ्या पायांत ताकद आहे. तिसऱ्या की चौथ्या वळणावर माझी चेन उतरली. मी हाक मारली, "सोनू, जरा थांब गं." तू मागे वळून बघितलंस. मला तुझा चेहरा स्पष्ट दिसला. आणि तू पुढे गेलीस.

बेटा, मला राग आला नाही. चेन मला बसवता येते. मागचा डीरेलर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, पुढे ढकलला, चेन सैल केली, दातांवर चढवली. शेळ्या घेऊन जाणारी एक दहा-बारा वर्षांची पोर थांबली आणि तिने न सांगता मागचं चाक उचलून धरलं, मी पॅडल फिरवलं. "वो आगे वाली आपकी है?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिथून खाली धुकं वितळताना दिसत होतं. मी तिला बांधून आणलेली जिलबी दिली. आम्ही दोघी बराच वेळ तिथे बसलो.

वर पोचले तेव्हा तू कुंडाच्या पायरीवर फोन घेऊन बसली होतीस. चंबळ तिथून निघते म्हणतात, परशुरामाचा जन्म तिथला म्हणतात. लहानपणी तुला हे सगळं पाठ होतं. मी जवळ आल्यावर तू म्हणालीस, "चार सेकंदांनी गेलं." काय गेलं ते मला कळेना. गेल्या दिवाळीला याच चढावर तू लावलेल्या वेळेपेक्षा या वेळी चार सेकंद जास्त लागले होते. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझे हात चेनच्या तेलाने काळे झाले होते, ते तू अर्ध्या तासाने पाहिलेस आणि मग तुला फार वाईट वाटलं, हेही मला ठाऊक आहे. परतीच्या वाटेवर तू तीनदा सॉरी म्हणालीस. पण मला बोलायचंय ते माझ्या हातांबद्दल नाही, तुझ्या डोळ्यांबद्दल आहे.

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आकड्यांशी माझं कसलं वैर? उलट आकड्याला त्याच्या लायकीइतकाच मान द्यावा, हेच मी मुलांना शिकवत आले. म्हणून त्या रात्री मी हिशेब मांडला. त्या चढावर तुझा वेग ताशी दहा किलोमीटर धरला तर सेकंदाला पावणेतीन मीटर. चार सेकंद म्हणजे अकरा मीटर. मोबाइलचं जीपीएस उघड्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतं. एका बाजूला डोंगर आणि डोक्यावर झाडं असली की त्याहून जास्त. सेगमेंटच्या, म्हणजे अ‍ॅप ज्याची वेळ लावतं त्या रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याच्या, सुरुवातीला पाच मीटरची चूक, शेवटी पाच मीटरची, झाले दहा. कदाचित तू गेल्या वर्षीपेक्षा लवकरसुद्धा पोचली असशील! एखाद्या मुलाने वर्गात असलं उत्तर आणलं असतं तर मी लिहिलं असतं: फरक मापाच्या चुकीएवढाच आहे, निष्कर्ष काढता येत नाही. तू त्याच्यावर अख्ख्या दिवसाचा निष्कर्ष काढलास.

आता माझं सांगते, कारण हे मी दुरून बघून लिहीत नाही.

माझी शुगर वाढली तेव्हा सायकलच्या फेऱ्या मोजणारं हे अ‍ॅप तूच माझ्या फोनमध्ये घालून दिलंस, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. कॉलेजला असताना मी रामबागेतून भंवरकुव्यापर्यंत, होळकर कॉलेजात, सायकलने जायची. त्यानंतर तीस वर्षं सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत आज चार किलोमीटर, उद्या सहा, या आकड्यांनीच मला अंथरुणातून उठवलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एक गोळी कमी केली तो दिवस तुला आठवत असेल.

पण दुसऱ्या वर्षी काहीतरी बदललं आणि ते बदलताना मला कळलं नाही. एकदा घरी पोचले तर आकडा एकोणीस पूर्णांक सहा. मी दारात न उतरता गल्लीत फेऱ्या मारत राहिले, वीस होईपर्यंत. तुझे बाबा फाटकात चहाचा कप घेऊन उभे होते, चहा निवत होता. मग ते 'लोकल लेजंड' आलं. नव्वद दिवसांत एखाद्या रस्त्यावर सर्वांत जास्त वेळा जो जाईल त्याला ते मिळतं, वेगाचा संबंध नाही. माझ्यासारखीला ते फार आवडलं. आपल्या इकडच्या एका रस्त्यावर ते मला मिळालंही. दोन महिन्यांनी कुणीतरी काढून घेतलं आणि मी आठवडाभर त्याच रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ जात राहिले. त्या आठवड्यात मी काय पाहिलं म्हणशील तर मला काहीच आठवत नाही.

डोळे उघडले ते सिरपूरच्या तलावावर. जानेवारीची सकाळ, थंडीने फोन बंद पडला. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे थवेच्या थवे, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. होळकरांच्या काळातला हा तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला, शहराला त्याचं किती कौतुक! आणि मी काठावर उभी राहून मनात म्हटलं, आजची फेरी फुकट गेली. हे वाक्य मनात उमटलं आणि मी चपापले. समोर एवढं सगळं असताना फुकट काय गेलं होतं?

मग मी शोधून वाचलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांनी यावर प्रयोग केले आणि २०१६ साली प्रसिद्ध केले. लोकांना चित्रं रंगवायला दिली, चालायला सांगितलं, वाचायला दिलं. काहींचं मोजमाप ठेवलं, काहींचं नाही. ज्यांचं मोजलं त्यांनी काम जास्त केलं, पण त्यांना मजा कमी आली. पुढे ते आपणहून करत राहण्याची ओढही कमी झाली. एटकिन यांचं म्हणणं असं की मोजलं की लक्ष 'किती झालं' याकडे जातं, आणि हौसेची गोष्ट कामासारखी वाटू लागते. मला सर्वांत पटलं ते पुढचं: जी गोष्ट आपण मुळात कामासाठीच करत असतो, तिथे मोजण्याने असं बिघडत नाही. माझं कोडं तिथे सुटलं. शुगरसाठी सायकल चालवत होते तोवर आकडा औषध होता. सायकल आवडायला लागली आणि मी औषधाचा डोस तोच ठेवला.

तू म्हणशील, सायकलवाले पहिल्यापासून मोजतच आलेत. खरं आहे. पॅरिसमध्ये १८९३ साली आंरी देग्रांज एका तासात ३५.३२५ किलोमीटर गेला आणि तो विक्रम म्हणून लिहून ठेवला गेला. त्याच माणसाने पुढे १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. पण तो तास मोजायला बसला तेव्हा तेवढ्यासाठीच बसला होता. आईबरोबर पोहे खायला निघाला नव्हता.

त्या दिवशीची आपली नोंद मी पुन्हा उघडून बघितली. एकूण वेळ नऊ तास दहा मिनिटं. 'मूव्हिंग टाइम' पाच तास पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे तीन तास पंचवीस मिनिटं अ‍ॅपने बाजूला काढून ठेवली, कारण चाक फिरत नव्हतं. त्या तीन तासांत काय होतं? पोहे होते. ती शेळ्यांवाली मुलगी होती. खाली उतरल्यावर टपरीवरचा चहा होता, जिथे तू पहिल्यांदा मोकळी हसलीस आणि ऑफिसातली ती गोष्ट सांगितलीस, जी दिवाळीचे चार दिवस घरात सांगितली नव्हतीस. मला त्या सबंध दिवसातलं जे जे आठवतं ते सगळं या बाजूला काढलेल्या वेळेतलं आहे. आणि सेगमेंटवर उलटा नियम: तिथे थांबलेला वेळही धरतात, थांबलं की वेळ बिघडते. माझ्या हाकेला तू का थांबली नाहीस ते मला तेव्हा कळलं. तू निष्ठुर नाहीस. तुझ्या मनगटावर एक घड्याळ चालू होतं आणि त्याला हाक ऐकू येत नाही.

तुला पुढच्या वर्षी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची ती लांब फेरी, करायची आहे ना? जरूर कर, मला त्याचा फार आनंद होईल. मी त्याचे नियम वाचले. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. चहा, पंक्चर, झाडाखालची डुलकी, सगळं त्याच्या पोटात. वाटेतल्या ठरलेल्या दर ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मुदतीत पोचायचं. पहिला-दुसरा नंबर नाही. ते घड्याळ मला माणसासारखं वाटलं, थांबण्यालाही त्यात जागा आहे.

एका गोष्टीची मात्र भीती वाटते, तीही सांगून टाकते. उतारावरच्या सेगमेंटमागे तू कधीही लागू नकोस. २०१० साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या टेकड्यांवर एक सायकलस्वार उतारावरचा आपला गेलेला विक्रम परत मिळवायला निघाला आणि अपघातात मरण पावला. सिंहगडाचा घाट रविवारी कसा असतो ते तूच मला सांगतेस: जीप, दुचाक्या, वळणावर सेल्फी काढणारे. चढताना हवं तेवढं घड्याळ लाव. उतरताना ब्रेकवर बोटं आणि डोळे रस्त्यावर, एवढंच.

अ‍ॅप काढून टाक असं मी म्हणत नाही. मीही काढलेलं नाही. मंगळवार-गुरुवारी माझं औषध म्हणून ते चालू असतं, महिन्याची बेरीज डॉक्टरांना दाखवते. रविवारी फोन पिशवीत, रेकॉर्डिंग बंद. पहिले दोन रविवार हात सारखा पिशवीकडे जायचा, तिसऱ्या रविवारपासून गेला नाही. तू तुझ्या ट्रेनिंगच्या दिवसांना खुशाल मोज, पायांना किती शिकवायचं ते आकड्यांवरूनच कळतं. पण आठवड्यातली एक फेरी अशी ठेव की जिच्याबद्दल तुला मला फोनवर अ‍ॅव्हरेज स्पीड सांगता येणार नाही. पूर्वी तू खडकवासल्याहून आलीस की सांगायचीस: आज धरण भरून वाहत होतं, कणीस खाल्लं, एका आजोबांची सायकल आपल्या आजोबांसारखी होती. गेलं वर्षभर मला फक्त "बेचाळीस, एकवीसच्या अ‍ॅव्हरेजने, बेकार गेली" एवढंच कळतं. बेकार म्हणजे काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

आज सकाळी मी पुन्हा जानापावला जाऊन आले. महूपर्यंत बाबांनी गाडीने सोडलं, तिथून पुढे सायकल. त्याच वळणावर ती मुलगी शेळ्यांसह भेटली. तिने मला ओळखलं, चेनकडे बघितलं, मग रस्त्यावर मागे-पुढे बघून विचारलं, "वो आगे वाली नहीं आई?"

मी तिला सांगून आले आहे की तू संक्रांतीला येणार आहेस, आणि त्या वळणावर थांबणार आहेस. जिलबी तू आणायचीस.

तुझी,
आई