ग्रंथालय पाचला का बंद?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गणितात एम.एस्सी. करते, पाचोऱ्याहून जळगावला रेल्वेने रोज ये-जा. वर्गात आम्ही अकरा. टोपॉलॉजीचे पुस्तक एकच, त्यावरही ‘बाहेर नेऊ नये’चा शिक्का. तास पावणेपाचला सुटतो, ग्रंथालय पाचला कुलूपबंद! मग गाडी येईपर्यंत स्टेशनबाहेरच्या टपरीवर एका वहीभोवती डोकी घालून सिद्धता मांडतो. चहावाले काका डोकावतात, “हाई कसं गणित शे? आकडाच नही!” (खरंच नसतो.)

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शके ११२८चा शिलालेख आहे. आम्ही मठ मागत नाही. ग्रंथालय सातपर्यंत उघडे ठेवा आणि त्या पुस्तकाच्या आणखी दोन प्रती घ्या.

– एक विद्यार्थिनी, पाचोरा