पाककृती वगळून वाचू नका

संपादक महोदय,

स्वयंपाकाभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्यांवर लिहिताना समीक्षक पाककृतींना निव्वळ सजावट समजतात, हे खटकतं. मेक्सिकोच्या लॉरा एस्किवेल यांची 1989ची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ घ्या. बारा महिने, बारा प्रकरणं, दरेकाची सुरुवात पाककृतीने. धाकटी म्हणून नायिका टिटाला लग्नाची बंदी, जन्मभर आईचं करायचं. प्रियकर तिच्याच थोरल्या बहिणीशी लग्न करतो आणि त्या लग्नाचा केक टिटालाच करावा लागतो! मिश्रणात तिची आसवं पडतात, केक खाऊन वऱ्हाडी रडतात, ओकतात. मी लग्नकार्यांत पुरणाचे घाणे घालते. परक्या मांडवासाठी राबणारी बाई काय गिळते, ते मला ठाऊक आहे. रविवार पुरवणीत या कादंबऱ्यांवर सविस्तर लेख द्यावेत.

– एक वाचक, सांगली