सेलेस्टीन पाचवे पळपुटे नव्हते

संपादक महोदय,

पोपच्या राजीनाम्याचा विषय निघाला, की तेराव्या शतकातले पोप सेलेस्टीन पाचवे यांना ‘गादी सोडून पळालेला भोळा म्हातारा’ म्हणून दोन ओळींत निकालात काढतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

४ एप्रिल १२९२ रोजी पोप निकोलस चौथे वारले. नवा पोप निवडणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंचे, म्हणजे कार्डिनलांचे, एकमत होईना. सव्वादोन वर्षांनी, ५ जुलै १२९४ रोजी, इटलीतल्या मोर्रोने डोंगरावर एकांतात राहणाऱ्या पिएत्रो या संन्याशाची निवड झाली; तेच सेलेस्टीन पाचवे. वय ऐंशीच्या घरात, लॅटिन जेमतेम. नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा याने त्यांना रोमला जाऊच दिले नाही. सप्टेंबरात एकदम १२ कार्डिनल नेमले गेले, त्यांतले सात फ्रेंच. चर्चमधली एकेक जागा दोघादोघांना दिली जाऊ लागली. कारभार हाताबाहेर गेला, हे खरेच.

पण पद सोडण्याआधी त्यांनी एक जुना कायदा पुन्हा लागू केला. पोप वारल्यावर दहा दिवस थांबायचे, मग कार्डिनलांना एकत्र कोंडायचे. तीन दिवसांत निवड झाली नाही, तर पुढचे पाच दिवस जेवणात एकच पदार्थ. त्यानंतर नुसता पाव, पाणी आणि वाईन. १२७४ चा हा नियम १२७६ मध्ये स्थगित झाला होता, म्हणून तर गादी इतकी रखडली. सेलेस्टीन यांनी १३ डिसेंबरला कार्डिनलांसमोर राजीनामा वाचून पोपची वस्त्रे उतरवली आणि २४ डिसेंबरला बोनिफेस आठवे निवडून आले. अकरा दिवस!

त्याच बोनिफेस यांनी त्यांना फुमोनेच्या किल्ल्यात डांबले. तिथेच १९ मे १२९६ रोजी ते वारले. पण पोपला राजीनाम्याचा अधिकार आहे, हे १२९८ च्या धर्मकायद्यात घातले तेही बोनिफेस यांनीच. चर्चच्या आजच्या धर्मकायद्याचे कलम ३३२ सांगते, की राजीनामा स्वखुशीचा आणि रीतसर जाहीर केलेला हवा, तो कोणी मंजूर करावा लागत नाही. २०१३ मध्ये बेनेडिक्ट सोळावे याच वाटेने गेले.

आपल्या ठाण्याशीही धागा जुळतो. संत फ्रान्सिस यांच्या पंथातल्या, कडक दारिद्र्यव्रत पाळणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंना वेगळे राहण्याची परवानगी सेलेस्टीन यांनीच दिली. त्यांचे म्होरके आंजेलो क्लारेनो यांच्याबरोबर पूर्वी तुरुंगवास भोगलेले तोलेंतिनोचे थॉमस एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. थॉमस धरून ठाण्याच्या त्या चार ख्रिस्ती हुतात्म्यांवर लिहाल, तेव्हा या संन्याशाचे नाव जरूर घ्यावे.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)