डाकवही

पुणे, रविवार

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला फोन केला की मागे दहा माणसं बोलत असतात, आणि मला जे सांगायचंय ते दहा जणांदेखत सांगण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला.

तुझा तो व्हिडिओ पाहिला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कौतुकाने दाखवला. "बघा, लेकीने कसं झापलंय!" चेंबर तुंबलेलं, रस्त्यावर मैलापाणी, तू ओढणी नाकाला लावून उभी आणि समोर तो कनिष्ठ अभियंता, हातात हेल्मेट धरून. तिशीच्या आतलाच असेल. तू विचारतेस, "चार दिवस काय करत होता तुम्ही? पगार कशाचा घेता?" तो गप्प. पाण्याच्या झोताने लाइन मोकळी करणाऱ्या जेटिंगच्या गाडीवरची दोन माणसं मागे खाली मान घालून उभी. मग टाळ्या. मी तो व्हिडिओ तीनदा लावला आणि तिन्ही वेळा त्या मुलाच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.

तुझा राग खोटा नव्हता. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत पुण्यात नगरसेवकच नव्हते. जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने. लोकांनी गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? ते सगळं साचलेलं आता निवडून आलेल्या तुम्हा १६५ नगरसेवकांच्या दारात आलंय. पण हेही ध्यानात घे की त्या चार वर्षांत नोकरीला लागलेल्या पोरांनी नगरसेवक कधी पाहिलेलाच नाही. नगरसेवक म्हणजे काय, हे त्या मुलाला त्या दिवशी तुझ्याकडून कळलं.

तो गप्प का होता, ते सांगते. त्याच्याकडे उत्तर असणारच. बैठी घरं होती तेव्हाची ड्रेनेजची लाइन, वर इमारती आल्या, लाइन तीच. जेटिंग लावलं की दोन दिवस वाहते आणि पुन्हा तुंबते. ती बदलायची तर पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रकात तरतूद, टेंडर, कार्यादेश, आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद. यातलं पूर्वगणनपत्रक तो करेल, मोजमापं तो घेईल. तरतूद मात्र त्याच्या हातात नाही, ती तुमच्या हातात आहे. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीच्या १६ जणांपुढे जातं, मग मुख्य सभेत येतं. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीत तुझ्या नावावर जे काही पडेल ते बाकड्यांवर आणि नामफलकांवर घालायचं की त्या लाइनवर, हे तूच सुचवायचं आहेस. हे तो भर रस्त्यात, कॅमेऱ्यासमोर, माननीयांना कसं सांगणार?

आता जे लिहितेय ते तुझ्या बाबांनाही मी फार उशिरा सांगितलं.

मी ज्या नगरपालिकेत होते तिचं नाव इथे घालत नाही. १९९४ चा पावसाळा. तू सहा महिन्यांची होतीस आणि मी आवक-जावक बघत होते. एका जुन्या वाड्याची भिंत पोटात फुगली होती. धोकादायक म्हणून रिकामा करण्याची नोटीस तयार झाली, सही झाली आणि जावक क्रमांक टाकायला माझ्या टेबलावर आली. तेवढ्यात आमचे अभियंता साहेब आले. "बाई, ही दोन दिवस ठेवा. नगरसेवकांचा फोन होता." त्या नगरसेवकांच्या मनात वाईट होतं असं मी आजही म्हणत नाही. वाड्यात तीन भाडेकरू होते, त्यांना दुसरी खोली बघायला चार दिवस मिळावेत एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी नोटीस खणात ठेवली. दोनाचे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी रात्रीच्या पावसात भिंत गल्लीत कोसळली आणि दूध घेऊन चाललेल्या एका बाईच्या पायावर आली. पाय मोडला. त्या कायमच्या लंगड्या झाल्या.

चौकशी लागली. नोटिशीवर सहीची तारीख होती, मग ती बजावली का नाही? फोन कुणी केला होता याचा कागदावर मागमूस नव्हता. नगरसेवक म्हणाले, मी काही बोललोच नाही. साहेब म्हणाले, मी तर सही करून पाठवली. आणि संध्याकाळी ऑफिस सुटताना साहेब माझ्या टेबलापाशी आले. जावक नोंदवहीत मागच्या तारखेला एक ओळ कोरी राहिली होती. "तिथे घाला," म्हणाले. मनू, मी घातली. माझ्या अक्षरात, मागच्या तारखेने. त्या एका ओळीने नोटीस कागदोपत्री माझ्याकडून निघाली आणि ती पोचवली नाही म्हणून आमच्या शिपाईदादांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. दोन वर्षं त्यांची वेतनवाढ रोखली.

ते २००९ मध्ये निवृत्त झाले. निरोपाचा चहा झाल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तेव्हाच ठाऊक होतं, बाई. पोचवायच्या टपालाची नोंद असते ती डाकवही माझ्याच पिशवीत होती. तिच्यात त्या नोटिशीची नोंदच नव्हती." मी विचारलं, मग दाखवली का नाही? तर म्हणाले, "तुमची पोर लहान होती."

ती पोर म्हणजे तू.

त्या नगरसेवकांनी तेच म्हणणं चार ओळींच्या पत्रात दिलं असतं तर काय झालं असतं, याचा मी अनेक वर्षं विचार केला. पत्राला आवक क्रमांक पडला असता. ते फाइलला लागलं असतं. साहेबांना त्यावर टिपणी लिहावी लागली असती: चार दिवस देता येतात की येत नाहीत, येत असतील तर भिंतीला टेकू कोण लावणार, गल्ली बंद कोण करणार. मुख्याधिकाऱ्यांना हो किंवा नाही म्हणून सही करावी लागली असती. कदाचित भाडेकरूंना खोल्याही मिळाल्या असत्या. फोनवर सांगितल्याने निर्णय कुणीच घेतला नाही आणि त्याची किंमत मात्र एका शिपायाने आणि एका दूध आणणाऱ्या बाईने दिली.

नगरपालिका काय आणि तुमची महापालिका काय, तोंडी आदेशाची वाट सारखीच असते. तो वरून निघतो आणि खालच्या माणसापाशी येऊन थांबतो. त्याच्याखाली ढकलायला कुणी नसतं.

म्हणून तुला एकच गोष्ट मागते. वॉर्ड ऑफिसला काही करायला किंवा थांबवायला सांगायचं असेल तर लेखी सांग. आग लागली, झाड पडलं, पाण्याची लाइन फुटली, तर फोन करावाच लागतो, तिथे कागद धरून बसू नये. पण त्या फोनमागून दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं पत्र जाऊ दे, "काल अमुक वाजता मी फोनवर असं सांगितलं होतं" म्हणून. त्याने त्या मुलाच्या पाठीशी कागद उभा राहतो.

१९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम १० स्वतः वाच, कुणाकडून ऐकू नकोस. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध ठेवला तर पद जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अनधिकृत बांधकाम पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला पत्राने किंवा प्रत्यक्ष आडवं गेलं तरी नगरसेवक अपात्र ठरतो, हेही त्याच कलमात आहे. आणि मला वाटतं, नेमकी याचसाठी ती कामं फोनवर होतात. ज्याचं पत्र द्यायला तुझा हात धजत नाही, ते फोनवरही सांगू नकोस.

दुसरी गोष्ट कडू आहे. तू परवा म्हणालीस, "वॉर्ड ऑफिसचं हेच बघतात, मला वेळ कुठे असतो." जावईबापू मनाने चांगले आहेत, धावपळ करतात, मला त्यांचा आदरच आहे. पण "मी मॅडमचा मिस्टर बोलतोय" असा फोन आला की त्या आरोग्य निरीक्षकाने काय करायचं? नाही म्हणावं तर मॅडम रागावतील. हो म्हणावं तर कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते कुठे लिहायचं? त्यांना कायद्याने कसलाच अधिकार नाही. महाराष्ट्रात २०११ मध्ये बायकांना निम्म्या जागा मिळाल्या त्या नवऱ्यांनी फोन करायला नाही. तुझ्या नावाने फक्त तूच बोल. हे त्यांना तू सांग, मी सांगितलं तर त्यांना लागेल.

तुमचा प्रभाग चार जणांचा. तू म्हणतेस आधी उद्यानामागचा रस्ता, दुसरे म्हणतात आधी शाळेसमोरचा, तिसऱ्यांचा तिसराच. अभियंता एकच असतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं. पक्ष वेगळे असू देत. महिन्यातून एकदा चौघं बसा, पहिली पाच कामं क्रमाने लिहा आणि चौघांच्या सह्यांनी एकच पत्र द्या. जमेल तेव्हा जमेल, पण विचारून तर बघ.

कर्मचारी सगळे गरीब गाय असतात, असं मी मुळीच म्हणत नाही. मी त्यांच्यातच आयुष्य काढलंय. "साहेब साइटवर आहेत", "फाइल वर गेलीय", "नियमात बसत नाही" ही वाक्यं मी हजारो वेळा ऐकली आणि त्यातली निम्मी खोटी होती. ठेकेदाराचं बिल दोन दिवसांत फिरतं आणि म्हाताऱ्या बाईचा अर्ज दोन महिने पडून राहतो, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलंय. पण अशा माणसाला रस्त्यावरच्या आरडाओरड्याची भीती नसते. तो मान खाली घालतो, ऐकून घेतो, तू गेल्यावर चहा पितो. त्याला भीती असते ती आवक क्रमांक माहीत असलेल्या माणसाची. पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्याजवळची प्रत, ठेव, तिच्यावर पोच घे आणि पंधरा दिवसांनी तो क्रमांक घालून स्मरणपत्र दे. तरी हललं नाही तर प्रभाग समितीत विचार. तिथेही नाही तर मुख्य सभेत प्रश्न टाक, म्हणजे उत्तर आयुक्तांना द्यावं लागतं. आयुक्त राज्य सरकारने नेमलेला असला तरी एकूण सभासदांच्या पाच-अष्टमांश मतांनी सभागृह त्याला परत पाठवू शकतं, एवढी ताकद कायद्याने तुम्हाला दिली आहे. एवढी ताकद हातात असताना हेल्मेट धरून उभ्या असलेल्या पोरावर ती काय खर्चायची?

याच शहराच्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा विषय आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. स्वागताच्या कमानी बांधणाऱ्या मजुरांपुढे जाऊन ते ओरडले नाहीत. जिथे निर्णय व्हायचा होता तिथेच बोलले, आणि ते एक मत आपल्याला आजही माहीत आहे.

आणखी एक. एखाद्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर जा. कॅमेरा नको, बरोबर कार्यकर्ते नकोत. हजेरी होते तेव्हा नुसती उभी राहा. झाडणकाम करणाऱ्या बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का, हातमोजे शेवटचे कधी मिळाले, दिवसभरात लघवीला कुठे जातात, ते विचार. हे प्रश्न त्या पुरुष नगरसेवकांना सांगणार नाहीत आणि तुलाही पहिल्या दिवशी सांगणार नाहीत. दोन-तीनदा गेलीस तर सांगतील.

तो व्हिडिओ काढून टाक. त्या मुलाला ऑफिसात जाऊन भेट, त्याच्या टेबलाशी बस आणि लाइनचा नकाशा दाखवायला सांग. "रस्त्यावर बोलले ते चुकलं" हे त्याच्या साहेबांसमोर म्हण, कारण बोललीस तेही चारचौघांतच.

शनिवारी जेवायला येशील तेव्हा त्या लाइनबद्दलच्या पत्राचा मसुदा घेऊन ये, मी वाचून देते. विषय एका ओळीत लिही. चेंबर कुठल्या घरासमोर आहे ते नीट घाल, किती वेळा तुंबलं ते घाल. खाली ज्या दिवशी सही करशील त्याच दिवसाची तारीख घाल.

तुझी,
आई