बाग राखणाऱ्यांचे आभार

साताऱ्यातील ज्या शुश्रूषा केंद्रात आमच्या आईने आजारपणाचे अखेरचे वर्ष काढले, तेथील बाग सांभाळणाऱ्या अनाम मंडळींचे आम्ही कुटुंबीय मनःपूर्वक आभार मानतो. थंडी सरताना मोगऱ्याची छाटणी करून, वैशाखात उसाच्या पाचटाचे आच्छादन घालून मुळांशी ओल टिकवून आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याला चर काढून देऊन आपण ती बाग राखलीत. शेवंतीचे वाफे तर खाटेवर पडल्या पडल्या दिसावेत असे खिडकीलगत केलेत, आणि हे कोणी न सांगता आपल्याला सुचले, याचे आम्हांला विशेष वाटते. (विषारी कण्हेर आपण वाटेलगत लावली नाहीत, हेही ध्यानात आले.) यंदाच्या शेणखताचा खर्च आम्हांला उचलू द्यावा, ही विनंती.