बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय उलगडून दाखवणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूमध्ये सलाम.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांत राष्ट्रांवरच्या न्यायदंडाचे अध्याय आले की कोणी धास्तावून पान उलटतो, तर कोणी त्यात आजच्या बातम्यांतले देश शोधत बसतो. आमच्या शास्त्राभ्यास वर्गाला तुम्ही या दोन्हींतून सोडवलंत, तेही आमोसाचे फक्त दोन अध्याय घेऊन. त्याबद्दल मनापासून आभार.

आधी नकाशा, मग वचन, हा तुमचा क्रम. इस्राएलापासून दिमिष्क (दमास्कस) ईशान्येला, गज्जा (गाझा) नैर्ऋत्येला, सोर (टायर) वायव्येला, अदोम आग्नेयेला. मग यार्देन नदीपलीकडचे अम्मोन आणि मवाब, मग दक्षिणेला खेटून असलेलं भाऊबंदांचं राज्य, यहूदा. इथवर उत्तरेच्या इस्राएल राज्यातला श्रोता खुशीने मान डोलावत असणार. आठवं नाव त्याचं स्वतःचं! सोर आणि अदोम दोन-दोन वचनांत आटोपतात, इस्राएलावर अकरा वचनं खर्ची पडतात.

मग वहीत तीन रकाने: राष्ट्र, कृत्य, कोणाविरुद्ध. दिमिष्काने इस्राएलाच्या गिलाद प्रांताला लोखंडी औतांनी मळलं. गज्जाने बंदिवान सरसकट अदोमाच्या हवाली केले. अम्मोनाने सरहद्द वाढवायला गर्भवतींची पोटं चिरली. खरी मेख मवाबाच्या ओळीत आहे. त्याने अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. तिसऱ्या रकान्यात इस्राएल नाहीच. देव फक्त आपल्या लोकांचा सूड उगवतो, असं धरून वाचणारा इथे अडकतो. या राष्ट्रांना मोशेचं नियमशास्त्र दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर ते मोडल्याचा आरोपही नाही. आरोप आहे क्रौर्याचा. नियमशास्त्र धिक्कारल्याचा ठपका पहिल्यांदा येतो तो यहूदावर (2:4).

प्रत्येक राष्ट्रापुढे येणारे ‘तीन, किंबहुना चार अपराध’ हे शब्द मोजत बसू नका, हेही तुम्ही बजावलंत. बहुतेकांचा एकच गुन्हा सांगितलाय. माप भरून ओसंडलं, एवढाच अर्थ.

इस्राएलाच्या यादीसाठी तुम्ही दोन ठिकाणी बोटं ठेवायला लावलीत. आमोस 2:8 मध्ये लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीजवळ पहुडतात. निर्गम 22:26 सांगतं, गरिबाचं पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत कर. दोन्ही वचनं शेजारी ठेवली की आरोपपत्र आपोआप वाचता येतं, आणि देवाने निवडलेल्यांनाच शिक्षा का, हे आमोस 3:2 चं कोडंही सुटतं: निवडलेले म्हणूनच झडती कडक.

आणखी एक बारकावा तुमच्यामुळेच दिसला. आधीच्या सातही राष्ट्रांवर अग्नी पाठवण्याची भाषा आहे, इस्राएलावर ती नाही. तिथे येते पेंढ्यांनी लादलेली गाडी, आणि चपळालाही पळता न येणं. घडलंही तसंच: इ.स.पू. 722 च्या सुमारास इस्राएलाची राजधानी शोमरोन अश्शूर साम्राज्याच्या हाती पडली.

शिक्षा ठरली म्हणजे दार बंद, असं मात्र नाही. त्यासाठी तुम्ही यिर्मया 18:7–10 जोडून दिलंत: राष्ट्र वळलं तर देवही योजलेलं अरिष्ट आवरतो. योनाच्या पुस्तकात निनवे शहराला 40 दिवसांची मुदत होती, ती याच नियमाने.

आता तेच तीन रकाने घेऊन यहेज्केल 25 ते 32 वाचायला घेतोय. सोरावरचे तीन अध्याय लांबलचक आहेत. तेवढ्यांसाठी एकदा या, ही विनंती.

आपले,
मंडळीच्या शास्त्राभ्यास वर्गातील सर्वजण